तीन सिंहस्थांची नोकरी

उज्जैन स्टेशनातून बाहेर पडलं की पहिली गर्दी लागते ती देवास गेटची. बसस्टँड, चामुंडा मातेचा चौक, माधव कॉलेज, लॉजच्या पाट्या, पोहे-जिलबीच्या गाड्या आणि सुटणाऱ्या बसच्या दारात लोंबकळत गावांची नावं पुकारणारे क्लीनर. या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका सरकारी कार्यालयात मी 1987 ते 2025 अशी अडतीस वर्षं काढली. मध्य प्रदेशात 2018 पासून निवृत्तीचं वय 62 आहे. महाराष्ट्रातला माझा मावसभाऊ 58व्या वर्षी घरी बसला, मी त्याच्यापेक्षा चार वर्षं जास्त टेबलाशी होतो. आमच्याकडे बाविशीतली मुलगी आणि बासष्टीला टेकलेले गृहस्थ एकाच नस्तीवर टिपण लिहितात. चाळीस वर्षांचं अंतर. घरात एवढं अंतर बाप आणि शेंडेफळात असतं, आणि तिथेही दोघांचं सहज पटत नाही.

वेगवेगळ्या पिढ्यांनी एकत्र काम कसं करावं, या प्रश्नावर आता भरपूर लिहिलं जातं. कार्यशाळा होतात, तक्ते वाटले जातात: अमुक साली जन्मलेले असे, तमुक साली जन्मलेले तसे. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आल्यावर मी यातलं जमेल तेवढं वाचलं. ते आणि मी पाहिलेलं समोरासमोर ठेवून हा आढावा घेतो आहे. सुरुवात मात्र सिंहस्थापासूनच केली पाहिजे, कारण आमच्या गावात नोकरीची वर्षं सिंहस्थाने मोजतात.

1980, 1992, 2004, 2016 आणि आता 2028. दर बारा वर्षांनी क्षिप्रेच्या काठावर महिनाभरासाठी एक दुसरं शहर उभं राहतं आणि गावातलं जवळजवळ प्रत्येक सरकारी खातं त्यात ओढलं जातं. एका नोकरीत माणसाला सिंहस्थ मिळतात बहुधा तीन. पहिल्यात तो सांगकाम्या असतो, दुसऱ्यात मधल्या फळीत, तिसऱ्यात जबाबदार. ज्याने 1992, 2004 आणि 2016 असे तिन्ही पाहिले, तो बहुतेक वेळा 2028च्या आधी निवृत्त होतो. 2016नंतर लागलेल्या मुलामुलींनी आतून एकही पाहिलेला नाही. बारा वर्षं हे अंतरच असं आहे की शिकलेलं नेमकं विसरून जावं.

जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. बासष्टावी खेप 2013मध्ये झाली, पुढची 2033मध्ये. सुतार विशीत उमेदवार म्हणून येतो, चाळिशीत रंधा त्याच्या हाती असतो, साठीत तो देखरेख करतो. तीन पिढ्या एकाच लाकडाला हात लावतात. तिथे बांधकामाइतकीच हातांची साखळीही जपली जाते. आमच्या सिंहस्थाचं चक्र त्याहून छोटं आहे, म्हणजे साखळी जोडायला सोपी. तरी ती तुटते, आणि ती तुटताना मी पाहिली आहे.

2004ची गोष्ट. ड्युटीचा तक्ता संगणकावर तयार झाला होता, नव्या अधिकाऱ्यांनी मन लावून केला होता. आठ-आठ तासांच्या पाळ्या, नावं, भ्रमणध्वनी, सगळं चोख. शाही स्नानाच्या दिवशी गाड्या शहराबाहेर दूरवर अडवल्या गेल्या आणि बदली पाळीची माणसं गर्दीच्या पलीकडे अडकली. आधीच्या पाळीतले लोक अठरा-वीस तास उभे राहिले. एका सहकाऱ्याला चक्कर येऊन तंबूत झोपवावं लागलं. रात्री आमचे भृत्य, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना शिपाई म्हणतात ते, हळूच म्हणाले की 92मध्ये आमचे बडेबाबू, म्हणजे मुख्य लिपिक, बदली पाळीला आदल्या रात्रीच छावणीत आणून झोपवत असत. बडेबाबू केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांची ही युक्ती कुठल्याही नस्तीत नव्हती. ती ठाऊक असलेला माणूस रोज आमच्या टेबलावर पाणी ठेवत होता आणि त्याला कुणीही विचारलं नव्हतं. मीही नाही. 1992मध्ये मी आवक-जावकवर होतो, 2004मध्ये मधल्या फळीत. विचारणं माझं काम होतं.

म्हणून पिढ्यांचा प्रश्न म्हटला की मला स्वभावांच्या तक्त्याआधी ते भृत्य आठवतात. कुणाला काय ठाऊक आहे आणि ते पुढच्याकडे पोहोचायला वाट आहे का, एवढाच हा प्रश्न मला मुळात वाटतो.

तक्त्यांचं काय? पिढी या कल्पनेचा समाजशास्त्रात पहिला गंभीर विचार कार्ल मॅनहाइम यांनी 1928मध्ये केला. एकाच वर्षी जन्मल्याने पिढी होत नाही, घडणीच्या वयात एकच मोठा अनुभव वाट्याला यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1991मध्ये स्ट्रॉस आणि हाऊ या दोन अमेरिकन लेखकांच्या पुस्तकाने जन्मसालांचे कप्पे लोकप्रिय केले. बूमर, मिलेनियल, जेन झी ही नावं आज आमच्या देवास गेटच्या कोचिंग क्लासच्या फलकावरही दिसतात. पण बूमर हा शब्द दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वाढलेल्या जन्मदरावरून आला. त्याचा आणि 1950मध्ये आगर किंवा शाजापूरला जन्मलेल्या मुलाचा काय संबंध? आमच्याकडे पिढी घडवणारे अनुभव वेगळे: आणीबाणी, 1991चं आर्थिक वळण, हातात आलेला मोबाइल, करोनातली दोन वर्षं.

कप्प्यांमागचा पुरावाही कच्चा आहे. 2012मध्ये कोस्टांझा आणि सहकाऱ्यांनी वीस अभ्यास एकत्र करून पाहिले. कामातलं समाधान, संस्थेशी बांधिलकी, नोकरी सोडण्याचा विचार, या तिन्हींत पिढ्यांमधला फरक नगण्य निघाला. 2020मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने याच विषयावर अहवाल दिला आणि माणसं नेमताना-सांभाळताना पिढ्यांचे हे कप्पे वापरू नयेत असा निष्कर्ष काढला.

अडचण कुठे आहे ते साध्या उदाहरणाने कळतं. पंचवीस वर्षांचा लिपिक दोन वर्षांत नोकरी बदलतो. तो पंचवीसचा आहे म्हणून? मीही त्या वयात दोन परीक्षा देऊन पाहिल्या होत्या. की आजचा काळच तसा आहे म्हणून? आज पन्नाशीतलेही बदलतात. की तो 2000च्या आसपास जन्मला म्हणून? वय, काळ आणि जन्मसाल हे तीन धागे असे गुंतलेले आहेत की एका वेळच्या पाहणीतून ते सुटत नाहीत. तरी आपण पटकन तिसऱ्याच धाग्याला हात घालतो, कारण त्यात समोरच्याला नाव ठेवता येतं.

मग कार्यालयात जो ताण रोज जाणवतो तो खोटा का? मुळीच नाही. पण त्याची रेघ जन्मसालावरून जात नाही. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. महाराष्ट्रात ही तारीख 1 नोव्हेंबर 2005. एकाच खोलीत, एकच काम करणारे दोघे: एकाला निवृत्तीनंतर ठरलेली रक्कम, दुसऱ्याला बाजार देईल ती. मार्च 2023मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते, ते याच रेघेवरून. त्यात आणखी एक खालची रेघ आहे, कायम आणि कंत्राटी यांच्यातली. आमच्या सरकारी महाविद्यालयांत अतिथी विद्वान नावाची जमात आहे. तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम, पण मानधन आणि दरवर्षीची धाकधूक. स्टाफरूममध्ये ते गप्प बसले की वरिष्ठ म्हणतात, नव्या पिढीला संस्थेबद्दल आपुलकी नाही. ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही त्याच्याकडे आपुलकी मागणं मला बरं वाटत नाही.

माधव कॉलेजचंच घ्या. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत नाव झालेले प्रभाकर माचवे 1938च्या सुमारास इथे शिकवायला लागले तेव्हा त्यांनी नुकती विशी ओलांडली होती. आज त्याच पेशात पहिली पायरीच तिशीत येते: आधी नेट, मग पीएचडी, मग काही वर्षं अतिथी. चाळिशीला आलेल्या माणसाला आपण अजून तरुण सहकारी म्हणतो आणि त्याच्या वाट्याला उमेदवाराचीच कामं देतो. हा पिढीचा दोष कसा म्हणायचा?

दुसरी गाठ बढतीची. 30 एप्रिल 2016च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मध्य प्रदेशात सरकारी बढत्या वर्षानुवर्षं अडकल्या. हजारो माणसं त्याच खुर्चीवरून निवृत्त झाली. मग 2018मध्ये निवृत्तीचं वय वाढलं. वरची खुर्ची रिकामी होत नाही, खालचा माणूस वर सरकत नाही, बाहेरचा आत येत नाही. अशा ठिकाणी म्हातारे हटत नाहीत आणि पोरं ऐकत नाहीत ही दोन्ही वाक्यं मी शेकडो वेळा ऐकली. दोन्ही बोलणाऱ्यांची वेदना खरी होती, पत्ता चुकीचा होता.

मला सर्वांत घातक वाटतो तो मधल्या फळीचा अभाव. सरकारी बँकांत नव्वदच्या दशकात भरती आटली होती. 2000-01मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि एक लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यानंतर मोठी भरती सुरू व्हायला बरीच वर्षं गेली. परिणाम असा की कित्येक शाखांत पंचावन्नचे आणि सव्विसाचे समोरासमोर, मधे कुणी नाही. घरात सासू आणि नातसून असाव्यात आणि सून नसावी, तसं. मधली व्यक्ती दोन्हीकडची भाषा जाणते, रागाचं भाषांतर करते, थोरल्याची युक्ती धाकट्याला त्याच्या शब्दांत सांगते. ती नसली की साधी चूकही मानापमानाची होते. देवास गेटच्या स्टँडवर हेच घडताना दिसलं. 2005मध्ये राज्य परिवहन महामंडळ गुंडाळायचा निर्णय झाला आणि आगारातली शिकण्याची जी ठरलेली शिडी होती ती गेली. खाजगी गाड्यांवर क्लीनर अजूनही ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो आणि त्याच्या हाताखाली शिकतो. पण उस्तादाने सायंकाळपर्यंत फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात, शिकवणं त्याच्या वेळापत्रकात कुणी मांडलेलं नाही.

वयाने माणूस मंदावतो, ही तक्रार मी स्वतःबद्दलही ऐकली आणि ती अर्धी खरी आहे. 1984मध्ये टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने 19 ते 72 वयाच्या टंकलेखकांची चाचणी घेतली. थोरल्यांची बोटं मंद होती, तरी टंकलेखनाचा वेग धाकट्यांपेक्षा कमी नव्हता. कारण ते मजकुरात जास्त पुढे पाहत होते, बोट एका अक्षरावर असताना डोळे बऱ्याच अक्षरांच्या पुढे. आमच्या बडेबाबूंचं हेच होतं. अर्ज हातात घेताच ते तिसऱ्या महिन्यात येणारी हरकत पाहत. त्यांना माउस धरता येत नव्हता म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवलं तेव्हा कार्यालयाने आपले पुढचे डोळे कोपऱ्यात ठेवले.

जर्मनीत बीएमडब्ल्यूने 2007मध्ये डिंगोलफिंगच्या कारखान्यात एक प्रयोग केला. दहा वर्षांनी कामगारांचं सरासरी वय 47 होणार हे हिशेबाने दिसत होतं, म्हणून एका विभागात आजच तेवढं सरासरी वय येईल अशी माणसं एकत्र आणली आणि त्यांनाच विचारलं, काय बदलू? लाकडी जमीन, बसून काम करता येईल अशा खुर्च्या, भिंग, पायाला सोसतील असे बूट, अशा सुमारे सत्तर सुधारणा झाल्या. खर्च सगळा मिळून चाळीस हजार युरोच्या आसपास. वर्षभरात उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. त्या खुर्च्या तरुणांनीही वापरल्या असतील, पाठ सगळ्यांनाच असते.

उलट दिशेच्या शिकवणीचाही बोलबाला आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी 1999मध्ये आपल्या पाचशे वरिष्ठांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुणांच्या हाती सोपवलं होतं. आमच्याकडे हे न सांगताच चालतं, पण बहुधा वाईट रीतीने. थोरला म्हणतो, एवढं करून दे. धाकटी दोन मिनिटांत करून देते. उद्या पुन्हा तेच. करून देणं आणि दाखवणं यांत फरक आहे, आणि दाखवायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं कुणाच्या हिशेबात धरायची हे अधिकाऱ्याने ठरवावं लागतं. माझ्या नशिबाने मला एक संविदा, म्हणजे कंत्राटी, संगणक-चालक भेटली. ती माझा हात माउसवर ठेवायला लावायची आणि स्वतःचे हात मागे बांधून उभी राहायची. त्या बदल्यात तिने माझ्याकडून टिपण लिहायला शिकून घेतलं. आज ती दुसऱ्या खात्यात कायम झाली आहे.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचं उदाहरण सापडलं ते आमच्याच गावचं. विष्णू श्रीधर वाकणकर 1919मध्ये नीमचला जन्मले, उज्जैनला भारती कलाभवन चालवत. चित्रकार माणूस, पुरातत्त्वाचं वेड. 1957मध्ये रेल्वेतून जाताना त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले आणि पुढची सगळी वर्षं ते खडकांवरच्या चित्रांच्या मागे गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया त्यांच्याहून अकरा वर्षांनी थोरले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाकणकरांनी पुणे विद्यापीठाची पीएचडी घेतली ती 1973मध्ये, वयाच्या 54व्या वर्षी. त्याच सुमारास भीमबेटकाच्या उत्खननात त्यांच्यासोबत होते डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र, जन्म 1935, तेही सांकलियांचेच शिष्य. म्हणजे वयाने सोळा वर्षांनी धाकटा गुरुबंधू पदवीने थोरला. एकाकडे अख्ख्या माळव्याची पायपीट, दुसऱ्याकडे थर मोजण्याची शिस्त. भीमबेटका 2003मध्ये जागतिक वारसा झालं. मक्सीच्या रस्त्यावरच्या कायथ्याचंही तसंच. वाकणकरांनी 1965-66मध्ये तिथे खणलं, 1968मध्ये डेक्कन कॉलेजचे झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी पुन्हा खणून अहवाल सिद्ध केला. आज ताम्रपाषाणयुगातली कायथा संस्कृती पाठ्यपुस्तकात आहे ती या सगळ्यांच्या हातांनी.

इथे मला मोलाचं वाटतं ते हे की कामाची जागा एकच होती आणि खड्डा समोर होता. खड्ड्यात वय विचारत नाहीत, काय सापडलं ते विचारतात. आणि चौपन्नाव्या वर्षी विद्यार्थी व्हायला वाकणकरांना संकोच वाटला नाही, हे मी माझ्या काही समवयस्कांना मुद्दाम सांगत असे.

नाशिकच्या 2015च्या कुंभातही असंच काही झालं. 2003मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत माणसं गेली होती, ती आठवण ताजी होती. मूळचे नाशिकचे, अमेरिकेत एमआयटीत असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन नावाचा उपक्रम उभा राहिला. विद्यार्थी, अभियंते आणि प्रशासन एका टेबलाशी बसले. निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी पावलं मोजणारी चटई बनवली, अशिओतो नावाची, म्हणजे कुठे किती गर्दी झाली ते वेळेत कळावं. चटई कुठे अंथरायची हे मात्र ज्यांनी आधीच्या गर्दीत उभं राहून पाहिलं होतं त्यांनाच सांगता येणार. एकाकडे यंत्र, दुसऱ्याकडे जागा. मला ही वाटणी आदर्श वाटते.

हाक मारण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण माझ्या मते अर्धी भांडणं तिथून निघतात. माळव्यातले आम्ही मराठी लोक घरात अहो-जाहो आणि बाहेर आप. नवी मुलं आल्या आल्या काका म्हणतात. शब्द मायेचा आहे, आणि मलाही ऐकायला गोड लागे. पण काकांना कुणी तातडीचं काम देत नाही, काकांचं मत बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं जात नाही. वयाने मोठ्या बाईंना आंटी म्हटलं की त्यांचं पद त्याच क्षणी विरघळतं, हे मी माझ्या एका फार कर्तबगार सहकारी बाईंच्या बाबतीत पाहिलं. दुसरीकडे, तरुण अधिकाऱ्याला बाळ म्हणणारे किंवा एकेरीवर येणारे ज्येष्ठही तेवढेच चुकतात. आमच्याकडे शेवटी जे टिकलं ते सगळ्यांना आडनाव आणि जी. बाविशीतल्या मुलीलाही आडनाव आणि जी. सुरुवातीला ती लाजली, पंधरा दिवसांनी तिच्या टिपणांची भाषा बदलली.

2028चा सिंहस्थ आता जवळ आला आहे. गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कार्यालयातली एक नवी लिपिक चामुंडा माता चौकातल्या चहाच्या दुकानात मला भेटायला आली. तिला कुणी पाठवलं नव्हतं, सुट्टीच्या दिवशी आपणहून आली होती. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, बोला, मी रेकॉर्ड करते. मी बदली पाळीची गोष्ट सांगितली. छावणीत रात्री किती खाटा लागतील, पाण्याची टाकी कुठे हवी, भृत्यांना बैठकीला का बोलवावं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग पर्समधून पेन काढून माझ्याकडच्या एका कागदी पाकिटाच्या पाठीवर रेघ ओढली. इंदूरचा रस्ता आता सहा पदरी होतो आहे, ती म्हणाली, मग गाड्या अडवतील त्या जागा तुमच्या वेळच्या नसणार. तेव्हा माणसं रात्री आणायची ती नेमकी कुठल्या बाजूने?

मला माहीत नव्हतं. आम्ही दुसरा चहा सांगितला आणि पाकीट उलटं करून पुन्हा पहिल्यापासून रस्ते काढायला बसलो.